तिसऱ्या मागणीपर्यंत

इब्राहीम परकार यांनी कोणत्याही गोष्टीला पहिल्याच विचारण्यात होकार दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही; हे मी शपथेवर सांगावयास तयार आहे. एकदा त्यांच्या दुकानाच्या छपराने पेट घेतला असता समोरच्या इराणी रोटीवाल्याने "पाणी आणू का?" असे विचारले. परकार म्हणाले, "बघू, इन्शाल्ला." सुदैवाने रोटीवाला आमच्या देरा वस्तीत जुना होता. त्याने लागोपाठ तीनदा विचारले आणि मगच बादली ओतली.

ही साठीच्या दशकातली, दुबईच्या खाडीकाठची गोष्ट. परकार मूळचे रत्नागिरीकडचे. गलबतांना लागणारे दोर आणि शिडाचे कापड विकत. मीही रत्नागिरीचाच. तिथल्या कोर्टात कारकुनी करून उतारवयात एका पेढीचा पत्रव्यवहार सांभाळण्यासाठी आलो होतो. लोक मला वकीलसाहेब म्हणत आणि मी ते खपवून घेत असे. आमच्या घरांची एक भिंत सामाईक होती, आणि त्या भिंतीविषयी मी परकारांना अनेक पत्रे लिहिली होती.

कारण असे. परकारांचा एकुलता मुलगा युसूफ अमेरिकन तेल कंपनीच्या गोदामात कामाला होता. दर शुक्रवारी ते अमेरिकन खारवट माळरानावर चुन्याच्या रेघा आखून बेसबॉल खेळत. लहानपणापासून होडीतून धक्क्यावर दोर फेकत आलेल्या या मुलाने एकदा गंमत म्हणून चेंडू फेकला, आणि समोर दांडू घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो दिसलाच नाही. तेव्हापासून रोज दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर, अंगणात सराव चाले. शिडाच्या कापडात कापूस भरून शिवलेला हातमोजा घालून बाप भिंतीला पाठ लावून बसे आणि मुलगा चेंडू फेकी. बापाकडून सुटलेला चेंडू माझ्या भिंतीवर आदळे.

"आपल्या ताब्यातील चेंडूमुळे माझ्या स्वास्थ्यास वारंवार बाधा पोहोचत असून," असे मी लिहीत असे. परकार दारात येऊन सांगत, "पत्र पोचलं, वकीलसाहेब. अक्षर झकास आहे." त्यांचा डावा तळवा कायम सुजलेला असे. पत्नी गेल्यापासून त्या घरात गप्पा कमी आणि चेंडूचे आवाज अधिक होते.

एके दिवशी हॅरिस नावाचा अमेरिकन इंजिनियर त्यांच्याकडे आला. दुभाषी म्हणून मला बोलावणे झाले. त्याचे जुने प्रशिक्षक अमेरिकेतल्या एका कॉलेजचा संघ चालवीत. चेंडू फेकणाऱ्याची एक जागा शिल्लक होती. मुलाचे शिक्षण आणि राहणे-जेवणे कॉलेज पाहील. मात्र त्या जागेवर आणखी एका मुलाचा डोळा होता.

परकारांनी सारे ऐकून घेतले, आत जाऊन कोकमाचे सरबत आणले आणि म्हणाले, "बघू, इन्शाल्ला."

हॅरिसला वाटले, सरबत आले म्हणजे काम झाले. मला मात्र त्या घरची रीत ठाऊक होती. मागणी घेऊन कोणी आले की पहिल्या खेपेला सरबत, दुसऱ्या खेपेला चहा, आणि तिसऱ्या खेपेला होकार असेल तर गोड सांदण.

तो गेल्यावर मी परकारांना कायदा समजावला. अर्ज करणे वेगळे आणि होकार देणे वेगळे. अर्जाने कोणी बांधला जात नाही, तेव्हा तो ताबडतोब जाऊ द्यावा.

"अर्ज पाठवा की," परकार म्हणाले. "अर्ज म्हणजे फोटो दाखवणं. फोटो दाखवला म्हणून कुणाचं लग्न ठरत नाही."

"आणि होकार?"

"हबीबी, पहिल्या मागणीला पोर दिलं की समोरचे काय समजतात? घरात जड झालं होतं. मग तिथे त्याची कदर कोण करणार?"

अर्ज मी स्वतः टाइप करून पाठवला. काही आठवड्यांनी हॅरिस पुन्हा आला, तो तार घेऊनच. अर्ज पसंत होता. पण दुसरा मुलगा तयार झाला होता आणि प्रशिक्षकांना पक्का शब्द हवा होता. हॅरिस शनिवारच्या विमानाने लांब रजेवर निघणार होता. त्याआधी होकाराची तार गेली नाही, तर जागा त्या मुलाची.

परकारांनी चहा आणला. "बघू, इन्शाल्ला."

बाहेर पडल्यावर हॅरिस मला म्हणाला, "त्यांच्या मनात नाही. एका बापाला मी दोनदा विचारलं. आता तिसऱ्यांदा विचारणं हा असभ्यपणा होईल."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. एकाच्या सभ्यतेत तिसऱ्यांदा विचारणे बसत नव्हते आणि दुसऱ्याच्या सभ्यतेत त्याआधी होकार देणे बसत नव्हते. या दोन सभ्य गृहस्थांच्या मध्ये एका मुलाचे भवितव्य बुडत होते. मी परत फिरलो आणि परकारांना सुनावले, "मुदत संपली की प्रस्ताव संपतो. कायदा कोणाच्या चहासाठी थांबत नाही."

"येईल तो," परकार शांतपणे म्हणाले. "चहा पिऊन गेलाय."

युसूफ दाराशी उभा होता. "इट्स ओके, चाचा. अब्बांना फोर्स नका करू," एवढे बोलून तो चेंडू उचलून आत गेला. त्या संध्याकाळी भिंतीवर आवाज झाला नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत हॅरिस फिरकला नाही. मी कंपनीच्या छावणीत गेलो. तो सामान बांधत होता.

"पुन्हा नकार ऐकायला येऊ?" त्याने विचारले.

"त्यांनी नकार दिलेलाच नाही. ते मागण्या मोजताहेत. दोन झाल्या आहेत."

त्याने हातातले कपडे खाली ठेवले. मग म्हणाला, "तुम्ही सगळे असेच आहात का?" आणि त्याने जीपची किल्ली उचलली.

परकार ईदचा झब्बा घालून दारातच उभे होते. आतून वाफेवर शिजलेल्या सांदणाचा वास येत होता. हॅरिसने तिसऱ्यांदा विचारले. तारघर बंद व्हायची वेळ जवळ येत होती. परकारांनी मला सांगितले, "त्याला विचारा. उद्या पोराचा हात मोडला, तर मग त्याचं काय?"

मी विचारले. हॅरिसने पाठ केलेले उत्तर दिले नाही. तो म्हणाला, "कॉलेजचं मी सांगू शकत नाही. पण तसं झालं तर मी स्वतः त्याला ह्या दारात आणून सोडीन."

परकारांनी ताटली पुढे केली. "खा. दिला तुम्हाला."

मग मात्र तेच ओरडले, "यल्ला, वकीलसाहेब, तार." चप्पल शोधण्यात वेळ घालवू नये म्हणून मी अनवाणीच जीपमध्ये बसलो. होकार गेला, आणि जागा युसूफला मिळाली.

युसूफ गेल्यावर भिंत शांत झाली. विरुद्ध पक्ष गैरहजर राहिल्याने निकाल माझ्या बाजूने लागावा, तशी ती शांतता होती. ती मला मुळीच मानवेना.

काही दिवसांनी अस्रनंतर पुन्हा आवाज आला. हळू, मध्येच थांबणारा. मी तावातावाने अंगणात शिरलो. परकार एकटेच होते. उजव्या हाताने चेंडू भिंतीवर मारायचा, हातमोजा पुढे करायचा, हुकला की वाकून उचलून आणायचा.

मी म्हणालो, "इब्राहीमभाई, मोजा मला द्या. तुम्ही फेका, मी झेलतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या हातांकडे पाहिले, आणि मोजा छातीशी धरला.

"बघू, इन्शाल्ला," ते म्हणाले, आणि आत जाऊन कोकमाचे सरबत घेऊन आले.

मी ते शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. चहासाठी उद्या याच वेळी येणे भाग होते.