खंडेनवमीला हरवलेले चाळीस तास

"जबलपुरात पाहण्यासारख्या तीनच गोष्टी आहेत. धुवांधार धबधबा, मदनमहालचा तोललेला दगड आणि मी," अशी गुणवंतराव वैरागडे स्वतःची ओळख करून देतात. सरकारी कारखान्यात तीस वर्षं त्यांनी नट-बोल्ट तपासले. निवृत्तीनंतर ते माणसं तपासतात. आजवर सतरा प्रकरणं सोडवली, असं ते म्हणतात. त्यांतली सोळा त्यांनी सोडून दिली. सतरावं प्रकरण हरवलेल्या सायकलचं होतं. ती त्यांचा मुलगा बाजारात घेऊन गेला होता. संध्याकाळी तो परतला, तेव्हा तीही परतली.

मी त्याच कारखान्यात ग्रंथपाल होतो. माणसांशी बोलायला मला भीती वाटते, म्हणून त्यांनी मला सहायक नेमलं. "रामकृष्णजी, तुम्ही मध्ये बोलत नाही, हा तुमचा मोठा गुण."

खंडेनवमीचा दिवस. अधारतालच्या आमच्या घरी हत्यारांची पूजा मांडलेली होती. माझी जुनी पकड, माझ्या बायकोची, हेमलताची कात्री, दारातल्या स्कूटरला झेंडूची माळ आणि पाटावर लाल कापडात बांधलेली माझी पुस्तकं. अकराच्या सुमारास नात रुचिरा धावत आली.

"आबाजी, माझी लॉगबुक नाही मिळून राहिली! तीन बजे चेक आहे!"

रुचिरा खासगी वैमानिक होण्याचं शिक्षण घेते. प्रत्येक उड्डाणाची नोंद त्या निळ्या वहीत होते आणि पुढे शिक्षकांची सही असते. दीड वर्षात जमवलेले चाळीस तास त्या वहीत होते. हा चेक, म्हणजे उड्डाणाची शेवटची परीक्षा, घ्यायला परीक्षक बाहेरगावाहून एका दिवसापुरते आले होते. वही पाहिल्याशिवाय ते विमानात पाय ठेवणार नव्हते, आणि पुन्हा कधी येतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

गुणवंतराव शेजारीच राहतात. न बोलावता, हातात भिंग घेऊन ते हजर झाले. तपासाआधी त्यांनी पाटावरच्या लाल गाठोड्यावर भक्तिभावाने डोकं टेकवलं.

"वही शेवटी कुठे पाहिलीस?"

"काल टेबलवर, काका. आबाजीच्या पुस्तकांजवळ."

"म्हणजे टेबलाचा काही संबंध नाही. गुन्हेगाराला आपण तिथेच शोधावं, असं वाटतं. काल घरी कोण आलं होतं?"

"यशोधन. माझ्याबरोबर शिकतो."

"झालं! आकाश एक, वैमानिक दोन."

"काका, त्याचं लायसन्स मागच्याच महिन्यात आलं. तोच मला डुमन्याला, एअरपोर्टवर सोडायला येऊन राहिला."

गुणवंतराव डगमगले नाहीत. "मग शत्रुराष्ट्र. वहीत हवाई मार्ग असतील."

"मी इथून वर गेली आणि इथेच उतरली, इतकंच लिहिलंय त्यात."

"म्हणजे सांकेतिक भाषा!"

तिसरा संशय माकडांवर गेला. गच्चीवर केळ्याची साल सापडली. ती सकाळी गुणवंतरावांनीच टाकली होती, हे त्यांना दहा मिनिटांनी आठवलं.

मधल्या वेळात मला माझा संशय आला. पण माझा संशय मला रोजच येतो. दूध नासलं, नळ गळला, शेजाऱ्यांचं भांडण झालं, तरी आधी वाटतं की आपलंच काही चुकलं असेल. म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दीड वाजला. रुचिरा पांढऱ्या शर्टात पायरीवर बसली आणि बुटाची लेस सोडू लागली. रडली असती तर बरं झालं असतं. मला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात हेमलता शेजारच्या कन्याभोजाच्या पुऱ्या लाटून परतली.

"काहून अशी बसली, बेटा?"

रुचिराने सांगितलं. हेमलताने भिंग पाहिलं, गुणवंतरावांना पाहिलं आणि मग मला पाहिलं.

"पूजेची पुस्तकं कोणी बांधली?"

"मी. पहाटे."

"चष्मा लावून?"

मी खिशातला चष्मा काढून नाकावर चढवला.

"किती पुस्तकं?"

"दरवर्षीप्रमाणे अकरा."

"मग गाठोडं यंदा एवढं फुगून काहून राहिलं?"

ती गाठीला हात घालणार, तोच गुणवंतराव ओरडले, "वहिनी! पूजेतलं पुस्तक उद्यापर्यंत हलवत नाहीत!"

खरं तर तेच मीही म्हणणार होतो. साठ वर्षं पाळलेला नियम.

"देवीला वाचता येतं, भाऊजी. सकाळपासून वाचून झालं असेल."

बारावं पुस्तक निळं होतं. हेमलताने ते उघडलं आणि कोऱ्या ओळींवर कुंकवाचं बोट टेकवलं.

"आजी! सरकारी रेकॉर्ड आहे ते!"

"मग? सरकारला कुंकू चालत नाही?"

फाटकाशी यशोधनचा हॉर्न वाजला. रुचिरा सुटलेल्या लेसनिशीच पळाली. पाटावर जागा रिकामी नको, म्हणून हेमलताने गुणवंतरावांच्या हातातलं भिंग काढून तिथे ठेवलं, त्यालाही हळदकुंकू वाहिलं.

"तुमचं हत्यार ना हे? उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

साडेतीनला आम्ही तिघं गच्चीवर होतो. "गुन्हेगार माझ्या शेजारीच उभा होता, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं," गुणवंतराव म्हणाले.

"मग सांगितलं काहून नाही?"

"हल्ली सहायक मिळत नाहीत, वहिनी."

दूर डुमन्याकडे एक ठिपका वर चढला.

"ती रुचिराच आहे, असं भिंगाशिवाय सांगता येणार नाही," गुणवंतराव म्हणाले.

मी, जो घराचं कुलूप तीनदा ओढून पाहतो, म्हणालो, "आपलीच आहे."

संध्याकाळी रुचिराने वही माझ्यापुढे उघडून धरली. परीक्षकांनी ‘उत्तीर्ण’ असा शेरा लिहून सही केली होती, कुंकवाच्या बोटाला तेवढी जागा सोडून.