ओढ्याकाठचं जॅम सेशन

एका जंगलात, बाळांनो, तुळाजी नावाचा साळिंदर राहायचा. ऊन उतरलं की तो ओढ्यावर जाऊन अंगावरचे काटे खुळखुळवायचा. मनात येईल तसे. मग टिटवी सूर लावायची, अस्वल पोटावर ठेका धरायचं. या प्रकाराला नाव नव्हतं.

एकदा दौलतराव वानर शहरात तीन महिने राहून परतले. त्यांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "अहो, याला जॅम सेशन म्हणतात."

अस्वल घरी जाऊन पोळी घेऊन आलं. जॅम कुठे दिसेना, म्हणून कोरडीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी समिती झाली. दौलतराव अध्यक्ष. नियम एकच निघाला : आयत्या वेळी जे सुचणार असेल, ते आठ दिवस आधी लेखी कळवावे.

तुळाजीनं अर्ज घेतला. 'आयत्या वेळी काय सुचेल?' या रकान्यापाशी त्याची गाडी अडली. खोटं लिहवेना, खरं सुचेना. रकाना कोराच राहिला. सेशनच्या दिवशी समितीनं ओढ्याभोवती कुंपण घातलं आणि त्याला बाहेर बसवलं. इतक्या वर्षांत ओढा त्याला पहिल्यांदाच परका वाटला.

आत दौलतरावांचं 'जॅम या शब्दाचा उगम' यावर भाषण सुरू झालं. तेवढ्यात वाघ आला. भुकेला होता.

"नाव नोंदवलंय का?" दारावरच्या टिटवीनं विचारलं.

"मी खायला आलोय," वाघ म्हणाला.

"तो मुद्दा वेगळा. अर्ज भरा आधी."

वाघ ओशाळला. अर्ज घेऊन तुळाजीशेजारी येऊन बसला. पहिले रकाने त्यानं भराभर भरले, मग थांबला.

"का हो," त्यानं हळूच विचारलं, "आयत्या वेळी काय सुचेल, इथं काय लिहायचं?"

"मी आठ दिवसांपासून तिथंच आहे," तुळाजी म्हणाला.

भीतीनं त्याचे काटे खुळखुळू लागले. वाघाला ती लय आवडली. तो घशातल्या घशात गुरगुरला. तुळाजीनं लय वाढवली, वाघानं शेपटीनं जमिनीवर ताल धरला. दोघांची जुगलबंदी अशी काही रंगली की वाघ भूक विसरला आणि तुळाजी भीती.

इतक्यात कुंपणावरून चिठ्ठी आली : 'बाहेर गोंगाट करू नये. आत जॅम सेशनवर भाषण चालू आहे.'

तात्पर्य : मुलांनो, मनात येईल ते मनात येईल तेव्हा कधीही करू नये. आधी त्याला नाव द्यावं, मग समिती नेमावी. गाणं बंद पडतं हे खरं, पण वाघ दारातच अडकतो.