दात पडल्याची खबर

बाबल तांडेलाने मला फसवलं, आणि तेही सौद्यात. डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन गावोगाव फिरलेला आणि त्यातून मालवणजवळ खाडीकाठी किराणा दुकान उभं केलेला माणूस मी. घासाघिशीत मला हरवणारा अजून जन्मायचाय, असं मी समजत होतो. तो आधीच जन्मून, गलबतावर तांडेलकी करून, म्हातारा होऊन माझ्या शेजारी राहायला आला होता.

बंद दुकानाच्या उभ्या फळ्यांवर त्याला खडूने बातम्या लिहायच्या होत्या. "माका फळयो दिसभर होयत," म्हणाला. मी भडकलो. दिवसभर दुकान बंद ठेवलं तर मीठमिरची कुठून विकू? बरीच ओढाताण करून मी त्याला शाळेच्या घंटेपर्यंत खाली आणलं. त्याने मोठा सुस्कारा सोडला. जिंकल्याच्या आनंदात मी त्याला चहासुद्धा पाजला.

दुसऱ्या दिवशी कळलं, त्याला हवा होता तेवढाच वेळ. बातम्या पोरांच्या आणि वाचणारी शाळेत जाणारी पोरंच. शिवाय हे किती दिवस चालणार, ते ठरवायचं मी विसरलो होतो.

मग रोज सकाळी सुरू. "गजाचा वरचा दात पडला." "शेवंतीने होडीतून उडी मारली. पोहता येतं हे तिला नंतर समजलं." "रविवारी नारळाच्या पोयीच्या होड्यांची शर्यत. हरल्यावर रडण्यास परवानगी आहे."

मोठ्यांना जागा नाही. सरपंच स्वतःच्या सत्काराची बातमी घेऊन आले, तर तांडेलाने त्यांच्या तोंडात डोकावून विचारलं, "दात पडलो काय?" माझ्याकडे नवा गूळ आला, त्याची एक ओळ लिहीना. माझ्याच फळ्यांवर!

गिऱ्हाईकं समोरच्या दुकानात जाऊ लागली. एकदा रागाने मी लवकरच फळ्या काढून भिंतीला टेकवल्या. पोरं त्या जुळवून जुळवून वाचत बसली, अख्खी शाळा उशिरा पोचली आणि मास्तर माझ्याशी भांडायला आले.

त्या दिवशी मी तांडेलाला धरलं. दात पडणं ही काय बातमी झाली? सगळ्यांचे पडतात.

खडू न थांबवता तो म्हणाला, "माज्या झिलाचो पयलो दात पडलो, तेवा मी गलबतार, थंय बसऱ्याक होतंय. घराक इलंय तर थंय नवो दात इलेलो. पडल्याची खबर माका कोणी दिल्यान नाय."

मी गूळ तोलायला आत गेलो.

पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने तोच मुलगा त्याला मुंबईला घेऊन गेला. जाताना तांडेलाने खडूची पेटी माझ्या गल्ल्यावर ठेवली. "येतंय मी. तवसर बघ," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी फळ्या काढायला गेलो, तर पोरं कोऱ्या फळ्यांकडे बघत उभी. हाकलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात एक जण म्हणाला, "शेटानू, माजो चेंडू बावडीत पडलो." लिहिलं. करणार काय?

आता बोटी पुन्हा सुरू झाल्यात. उतरणाऱ्या प्रत्येकाकरवी तांडेल विचारतो, "फळयो कोरयो नाय मां रवल्यो?" त्याच्या चाळीत पोरं पुष्कळ आहेत म्हणे. पण कोणाचा दात पडला, कोण पोहायला शिकलं, ते त्याला कोणी सांगत नाही.

आज सकाळी माझ्या लेकीचा, सुमीचा, पहिला दात पडला. मी सगळ्या फळ्या त्यातच भरल्या. अक्षरं एवढी मोठी काढली, की खाडीच्या पलीकडून वाचता यावीत. पोरांनी वाचली, टाळ्या पिटल्या आणि शाळेत गेली. नंतर बराच वेळ मी दुकान उघडलंच नाही. समोरचा हसत होता.

फळ्या माझ्या, दुकान माझं, गिऱ्हाईकं गेली ती माझी, आणि आता लिहायचंही मीच. ही कसली बोली? बाबलकाका, बोट चालू आहे. इथे या, सुमीच्या तोंडात डोकावून बघा, आणि मग मला याचा जाब द्या.