गावडेकाकांची ऐकायची सळई

गावडेकाका आमच्या घरी आले की आधी भिंतीला कान लावायचे, मग खुर्चीवर बसायचे. चहा पुढे केला तर एक बोट वर. म्हणजे थांबा. गाल भिंतीला चेपून, डोळे मिटून ऐकणं चालू. भिंत कोरडी निघाली की बिचाऱ्यांचा चेहरा पडायचा. आत कुठे पाणी झिरपत असलं की मात्र खुशीत म्हणायचे, "लिकेज असा!"

मुलुंडला आमच्या शेजारच्या खोलीत ते आणि सुमनकाकू राहायचे. माणसं मूळची मालवणकडची, त्यांच्या बोलीत 'असा' म्हणजे 'आहे'. काका महापालिकेच्या पाणी खात्यात जमिनीखालची गळती शोधायच्या कामावर. हत्यार एकच, छातीएवढी लोखंडी सळई, वरच्या टोकाला लाकडी वाटी. सळई रस्त्यावर टेकवायची, वाटीला कान लावायचा आणि खाली पाइप कुठे फुटलाय ते सांगायचं. आमच्या बिल्डिंगच्या तुळशीकट्ट्याखाली गळती आहे म्हणाले तेव्हा सेक्रेटरी खो खो हसले. खणलं, तर पाण्याची चिळकांडी थेट सेक्रेटरींच्या इस्त्रीच्या शर्टावर.

मला बघायला आलेल्या एका मुलाचं बोलणंही काकांनी असंच डोळे मिटून ऐकलं होतं. पाहुणे जिना उतरतात न उतरतात तोच हळूच म्हणाले, "शैला, लिकेज असा गो." मी जाम भडकले. पुढे कळलं की त्या मुलाचं दुसरीकडे आधीच जमलेलं. तेव्हापासून मी काकांच्या कानाबद्दल तोंडातून ब्र काढला नाही.

पण या जगावेगळ्या कानाला एक आवाज दोन वर्षं ऐकू आला नाही, तो सुमनकाकूंच्या डोक्यातला.

काकूंच्या उजव्या कानामागे सतत सूं... सूं... चालायचं. आडवं पडलं की जास्त. डोकं दुखायचं. नाक्यावरच्या डॉक्टरांनी कानातला मळ काढला, मग व्हिटॅमिन दिलं, मग झोपेच्या गोळ्या. शेवटी म्हणाले, या वयात बायकांना असं वाटतं. काकाही म्हणायचे, "मनाचे खेळ गो. पोथी वाच." वर काकू कूस बदलतात म्हणून स्वतःचं अंथरूण त्यांनी गॅलरीत नेलं. मला तर असा राग यायचा! पण शेजारणीने बोलायचं किती?

एका रविवारी मी त्यांच्याकडे वाटीभर डाळ मागायला गेले होते. काका सळईला तेल लावत बसलेले. काकूंनी ती त्यांच्या हातातून हिसकावली, खाली बसल्या आणि तिचं टोक स्वतःच्या कानामागे टेकवलं.

"रस्त्याचा आयकतास, भिंतीचा आयकतास. माजा कदी आयकलास? आता आयका!"

काका हसत हसत स्टुलावर चढले आणि वाकून वाटीला कान लावला. हसू तिथेच थांबलं. त्यांनी खाली हात नेऊन काकूंचं मनगट धरलं, नाडीवर बोट ठेवलं, पुन्हा ऐकलं. मग खाली उतरले.

"ठोक्याबरोबर वाजता," म्हणाले. "लिकेज असा."

दुसऱ्याच दिवशी आम्ही मोठ्या हॉस्पिटलात. सोबत मी, आणि हो, सळईही. तिथला तरुण डॉक्टर सळई बघून गालात हसला. मग त्याने काकूंच्या कानामागे स्टेथोस्कोप ठेवला आणि हळूच मान डोलावली. आवाज त्यालाही ऐकू आला होता! काकू माझ्याकडे बघून रडायलाच लागल्या. दोन वर्षांनी एका डॉक्टरने मान डोलावली होती.

डोक्याचा सीटी स्कॅन झाला. तेव्हा त्याची केवढी नवलाई! त्यात काही दिसेना. मोठे डॉक्टर म्हणाले, मेंदू ठीक आहे, सहा महिने वाट बघू.

काका खुर्चीतून उठलेच नाहीत. "साहेब, हा नकाशा झाला. नकाशात पाइप दिसतो, वाहतं पाणी दिसत नाही. कुठली लाइन कुठे मिसळते ते बघायला आम्ही पाण्यात रंग सोडतो. तुमच्याकडे रंग नाही?"

डॉक्टरांनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट बघितलं. "आहे," म्हणाले.

मांडीच्या धमनीतून बारीक नळी मानेपर्यंत न्यायची, तिच्यातून रंग सोडायचा आणि डोक्याचे भराभर एक्स-रे काढायचे. तपासणीचं नाव अँजिओग्राफी. त्यात क्वचित अर्धांगही होतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सहीचा कागद काकांसमोर आला. पेन हातात, हात हवेत. काकूंनी पेन काढून घेतलं.

"आवाज माजो, सही माजी."

तपासणी सुखरूप पार पडली. डॉक्टरांनी प्लेटी उजेडाच्या काचेवर ओळीने लावल्या आणि मला समजावू लागले: रंग आधी रक्त नेणाऱ्या धमन्यांत दिसतो, मग मेंदूत फिरून काही सेकंदांनी परतीच्या शिरांत. काकांचं बोट तोवर दुसऱ्याच प्लेटीवर टेकलं होतं, उजव्या कानामागे.

"ही परतीची लाइन ना? मग घरात पाणी पोचायच्या आधीच ती कशी भरली?"

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "धमनी थेट शिरेला जोडली गेलीय. शिरेला एवढा दाब सोसत नाही. अशीच सोडली असती तर एक दिवस डोक्यात फुटली असती."

आता काका आपलं ठरलेलं वाक्य म्हणणार, म्हणून मी वाट बघत होते. पण त्यांनी प्लेटीवरचं बोट काढलं. ते स्वतःच्या कानामागे नेऊन टेकवलं.

ऑपरेशन करून तो जोड बंद केला आणि काकूंच्या डोक्यातला आवाज गेला. गॅलरीतलं अंथरूण पुन्हा आत आलं.

काका रिटायर झाले तेव्हा खात्यातले लोक भिंतीवरचं घड्याळ देणार होते. काका म्हणाले, "घड्याळ नको. सळई द्या." साहेबांनी विचारलं, घरी काय करणार तिचं? "घरी एक जुनी लाइन आहे, तिच्यावर लक्ष ठेवायचंय."

मग रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की काकू आपणहून अंबाडा बाजूला सारायच्या आणि खाली बसायच्या. काका स्टुलावर. मी किती चिडवायचे! एकदा अशीच चिडवायला म्हणून गेले आणि दारातच थांबले. काकांचं ऐकून झालं होतं, तरी कपाळ त्या लाकडी वाटीवर टेकलेलं.

"दोन वर्सां सांगी होतंस गो," ते म्हणत होते. "मी आयकलंय नाय."

काकूंनी मान हलवली नाही. सळई हलली असती. नुसता हात वर करून त्यांनी काकांचा पाय धरला.

"आता आयकतास मां? मगे झाला," त्या म्हणाल्या. "उतरा आता. भात बुडाक लागतलो."