हिरामावशींचे शेरे

बालवाडीत मुलांच्या डायरीत आम्ही घरी निरोप लिहितो: डबा संपवला नाही, नखं वाढलीत. आमच्या सिडकोतल्या बालवाडीत मात्र शिक्षिकांच्याही डायऱ्या आहेत, आणि त्यात शेरे मारतात आमच्या मदतनीस, हिरामावशी.

मी नवी होते तेव्हाची गोष्ट. नवऱ्याने माझ्या डब्याची पिशवी रिकामी केली आणि गंभीरपणे विचारलं, "तू वेळेवर लघवीला का जात नाहीस?" पिशवीतल्या डायरीत लिहिलं होतं: ‘मॅडम सकाळपासून दाबून धरतात. घरी समजावणे.’ खाली पालकाच्या सहीची रेघ. गृहस्थाने इमानदारीत सही केली!

दुसऱ्या दिवशी मी तणतणत गेले. "मावशी, मी बत्तीस वर्षांची बाई आहे!"

"मंग? बत्तीसला लागत नाय का? जा, मी हाय वर्गावर."

मी परत येऊन बघते तर मूळच्या देवळ्याच्या, कांद्याच्या मुलखातल्या हिरामावशींनी बावीस मुलांना उकिडवं बसवून खोटेखोटे कांदे काढायला लावले होते. वर्ग चिडीचूप. मला हे कधीच जमलेलं नाही.

मुख्याध्यापिकाबाईही सुटल्या नाहीत. ‘फोनवर लय ओरडतात. झोप कमी पडते.’ त्यांचे यजमान निवृत्त फौजदार. त्यांनी सहीखाली ‘दखल घेतली’ असंही लिहून पाठवलं.

दिवाळीनंतर एका मुलाला ओरखडा निघाला आणि त्याची आई फाटकात सगळ्यांसमोर मला वाट्टेल ते बोलली. मी सामानाच्या खोलीत जाऊन रडले. त्या दिवशीचा शेरा: ‘आज मॅडम रडल्या. चहा देणे. सल्ला देऊ नये.’ नवऱ्याने चहा दिला आणि ओठ घट्ट मिटून समोर बसला. त्याचे हाल बघून मला हसू आलं, पण रात्री मी राजीनामा लिहिलाच.

सकाळी मावशी नळावर पेले धूत होत्या. म्हटलं, आधी त्यांना सांगावं. सांगितलं.

त्या माझ्याकडे न बघताच बोलल्या, "पोरं जाणारच, मॅडम. ती मोठी होत्यात. पण तुम्ही का जाता? दर जूनला नवीन मॅडम. कोणाला काय आवडतं, कोणाचं डोकं कधी दुखतं, समदं पाठ होतं, तवर निघाल्या. घरी तर माझ्या कोणीच नाय पाठ करायला."

एवढं बोलून त्यांनी धुतलेलेच पेले पुन्हा धुवायला घेतले.

राजीनामा पर्समध्येच राहिला. मी त्यांच्या शेजारी बसले आणि एकेक पेला पुसू लागले.