एका सहभागीच्या मते

युरोपचं परराष्ट्र धोरण दर मंगळवारी दुपारी साडेबाराला असतं. आमच्या संस्थेत तरी असतं, कारण त्याच वेळी सँडविच येतात. ब्रसेल्समधल्या आमच्या या एका रस्त्यावर आमच्यासारख्या बऱ्याच अभ्याससंस्था आहेत आणि सगळ्यांनी सामंजस्याने वार वाटून घेतलेत. त्यामुळे एखाद्या तज्ज्ञाकडे चांगला कोट आणि जगाविषयी पुरेशी चिंता असेल, तर त्याला आठवडाभर दुपारच्या जेवणाचा प्रश्न पडत नाही.

मी योरिस. या संस्थेत मी बैठकांचं इतिवृत्त लिहितो. ऐकायला सोपं वाटतं, पण आमच्याकडे एक नियम आहे आणि तो आम्ही कुळाचार पाळावा तसा पाळतो. खोलीत जे ऐकलं ते बाहेर खुशाल सांगा, फक्त ते कोण बोललं हे सांगायचं नाही. यामुळे माणसं मोकळेपणाने बोलतात असा समज आहे. प्रत्यक्षात ती सकाळी वर्तमानपत्रात लिहिलेलंच बोलतात, पण आवाज खाली आणून. तर माझं काम म्हणजे बोललेल्या वाक्यांमधून बोलणारी माणसं काढून टाकायची, तांदळातून खडे काढावेत तशी. मागे उरतं त्याला आम्ही धोरण म्हणतो.

या हकिगतीतही मी नावं बदलली आहेत. एका बाईंचं तर नावच सांगत नाही, कारण त्या खोलीत बोलल्या होत्या. त्या पूर्वेकडच्या एका छोट्या देशातल्या, सीमेलगतच्या छोट्या गावाच्या नगराध्यक्ष. आपण त्यांना नगराध्यक्षबाईच म्हणू.

मार्चमधली बैठक होती. विषय होता ‘पूर्वेकडील शेजार : आव्हाने आणि संधी’. आमचे विषय असेच असतात, दिशा तेवढी बदलते. शेवटी थोडा वेळ उरला, म्हणून संचालक लीव्हेन यांनी नगराध्यक्षबाईंना बोलायला सांगितलं. जाड कोट, केसांना साधी क्लिप, हातात बिनलेबलची पाण्याची बाटली. ती त्यांनी टेबलावर ठेवली.

“माझ्या गावाला एकच झरा आहे,” त्या म्हणाल्या. “हे त्याचं पाणी. शेजारचा मोठा देश आमच्या हद्दीत कुंपण सरकवतोय. रात्री सैनिक येतात, खांब उपटतात आणि चार पावलं आत रोवतात. आता जर्दाळूच्या बागेपर्यंत आलेत. बाग गेली की पुढे झराच. तुमच्या सीमा-निरीक्षण विभागाच्या पांढऱ्या गाड्या आमच्या जिल्ह्याच्या शहरात उभ्या असतात, त्यांच्यावर नुसती धूळ बसते. त्यातली एक गाडी आणि दोन निरीक्षक झऱ्यापाशी आणून उभे करा. गाडी दिसली की ते खांबाला हात लावत नाहीत. त्यांना साक्षीदार आवडत नाहीत. एवढंच मागायला आले.”

आमच्याकडे कोणी एवढंच मागत नाही, त्यामुळे काय करायचं कुणाला सुचेना. अखेर म्युनिकचे प्राध्यापक ओटमार यांनी हात वर केला. “माझा प्रश्न नाही, एक टिप्पणी आहे,” ते म्हणाले आणि सँडविच संपेपर्यंत टिप्पणी करत राहिले.

सुदैवाने, ज्या विभागाच्या त्या गाड्या, त्याच विभागाचे प्रमुख तवारेश समोरच बसले होते. मूळचे पोर्तुगालचे. मऊ मनाचा माणूस. बाई बोलत होत्या तेव्हा त्यांनी हातातलं सँडविच खाली ठेवलं होतं, हे मी स्वतः पाहिलं. बैठक संपताच बाईंनी त्यांना दारात गाठलं.

“तवारेशसाहेब, ऐकलंत ना तुम्ही?”

“ऐकलं हो. आत कालवाकालव झाली अगदी.”

“मग गाडी कधी पाठवताय?”

“बाई, मी आज इथे वैयक्तिक नात्याने आलोय.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे तवारेशला कळलंय. विभागाला अजून काहीच कळलेलं नाही.”

“पण विभागाचा प्रमुख कोण?”

“मीच की.”

“मग तुम्हीच तुम्हाला सांगा ना!”

“सांगितलं असतं. पण मी लगेच विचारणार, कोण म्हणालं? मग काय उत्तर देऊ? नियम आहे ना.” एवढं बोलून तवारेश यांनी बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला. “तुम्ही काळजी करू नका. यांचा अहवाल येऊ दे. छापून आलं की मला अधिकृतपणे धक्का बसेल.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मुलखात परक्या माणसालाही भाऊ म्हणतात. “भाऊ, अहवाल तू लिहिणार ना? मग लवकर लिही रे.”

मी त्याच दिवशी लिहायला बसलो. बाई बोलल्या होत्या तसंच लिहिलं, फक्त बाई काढून टाकल्या. लीव्हेन यांनी मसुदा वाचला आणि लाल पेन उघडलं.

“योरिस, ‘झरा’ नको. फार नेमकं होतं ते. झरा म्हटलं की कोणीही ओळखेल, कोण बोललं ते.”

“मग काय लिहू?”

“‘जलस्रोत’. नाही, ‘पाण्याच्या उपलब्धतेचा प्रश्न’. आणि कुंपणही काढ. कुंपण म्हटलं की लोक विचारतात, कुणाचं?”

“पण कुंपण सरकतंय, हाच तर मुद्दा आहे.”

“‘सीमेची गतिशीलता’ असं लिही. वाचायलाही बरं वाटतं.”

अहवाल छापला गेला. त्यात वाक्य होतं : ‘एका सहभागीच्या मते, काही भागांत सीमेच्या गतिशीलतेमुळे पाण्याच्या उपलब्धतेविषयी चिंता व्यक्त होऊ शकते.’ गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर सूर्योदय. तवारेश यांनी तो ऑफिसात बसून, पूर्णपणे अधिकृत नात्याने वाचला आणि मला फोन केला.

“सुरेख झालंय. पण हा एकच सहभागी म्हणतोय. दुसरा कोणीतरी म्हणायला हवा, त्याशिवाय मला हलता येत नाही. एकाच्या सांगण्यावर गाडी काढली आणि तो माणूस खोटारडा निघाला तर?”

“तुम्हाला माहितीये ती बाई कोण आहे.”

“मला माहितीये. पण मी कोण?”

समोरच्या फुटपाथवर दुसरी एक संस्था आहे. तिथल्या हानेके बाईंनी आमचा अहवाल वाचून त्यांच्या मासिकात लिहिलं की ब्रसेल्सच्या वर्तुळात पाण्याविषयी चिंतेचा सूर आहे. तळटीप आमचीच. ते वाचून लीव्हेन आनंदले आणि आमच्या पुढच्या अहवालात आम्ही लिहिलं की ही चिंता आता सर्वदूर व्यक्त होत आहे. तळटीप हानेके बाईंची. अशा प्रकारे वर्तुळ पूर्ण झालं. त्यात एकूण दोन माणसं होती आणि ती एकाच दुकानात कॉफी प्यायची.

या काळात नगराध्यक्षबाईंचे फोन येत होते. गोड बोलायच्या, पण टोचून. “भाऊ, तुमची चिंता कुठवर आली? आमचं कुंपण बागेत आलं.” मी त्यांना सांगायचो की चिंता आता बरीच पसरली आहे. त्या म्हणायच्या, “मग थोडी इकडे पाठव, गाडीत घालून.”

जुलै संपता संपता तवारेश यांचं मन वळलं. दोन सूत्रं झाली होती, त्यांना फाईल उघडता येणार होती. पण मग ऑगस्ट आला. ऑगस्टमध्ये युरोपला परराष्ट्र धोरण नसतं. सगळे समुद्रावर जातात, दारावरच्या पाट्यासुद्धा थकल्यासारख्या दिसतात. शेजारच्या मोठ्या देशाला मात्र ही पद्धत मान्य नसावी. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी बाईंचा फोन आला.

“भाऊ, जर्दाळू गेले.”

“सगळे?”

“झाडं तिकडे गेली. फळं इकडे पडली होती, ती पोरांनी वेचली. आता झरा आणि कुंपण यांच्यात माझ्या बहिणीचं कोंबड्यांचं खुराडं आहे, बस.”

मी धावत लीव्हेन यांच्याकडे गेलो. या वेळी तेही हादरले. माणूस वाईट नाही. त्यांनी जागच्या जागी निर्णय घेतला, जो आमच्याकडे सहसा कोणी घेत नाही. “आता नुसती चर्चा पुरे!” ते टेबलावर थाप मारून म्हणाले. “आपण सराव घेऊ.”

सराव म्हणजे असं : खोलीत एक काल्पनिक संकट उभं करायचं, प्रत्येकाने कुणाची तरी भूमिका घ्यायची आणि ते सोडवायचं. काल्पनिक देश, काल्पनिक कुंपण, काल्पनिक झरा. तवारेश अधिकृत नात्याने येणार होते. बाईंना विमानाचं तिकीट पाठवलं. त्या खुराडं बहिणीच्या भरवशावर सोडून आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, “नगराध्यक्षाचं काम मी करते. मला पाठ आहे.”

लीव्हेन अवघडले. “बाई, गैरसमज नको, पण तुमचे हितसंबंध गुंतलेले आहेत.”

“माझे? कसले?”

“ते पाणी तुम्ही पिता ना?”

“पिते की.”

“झालं तर मग. नगराध्यक्षांचं काम प्राध्यापक ओटमार करतील. ते तटस्थ आहेत, ते बाटलीचं पितात. तुम्ही निरीक्षक म्हणून मागे बसा.”

“म्हणजे निरीक्षक मिळाला म्हणा अखेर,” बाई म्हणाल्या आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

सराव फार रंगला. ओटमार यांनी गळ्यात रुमाल बांधला होता आणि आवाजही थोडा बारीक केला होता. त्यांनी युरोपीय अस्मितेवर हेलावणारं भाषण केलं. झऱ्याचा उल्लेख विसरले, तो हानेके बाईंनी मागून पुरवला. शेजारी देशाचा सेनापती झालेल्या इटालियन संशोधकाने इतका उर्मटपणा दाखवला की लोकांनी टाळ्या वाजवल्या. तवारेश यांनी तवारेश यांचीच भूमिका केली. त्यांनी फोन उचलला, ताडकन गाडी पाठवली. सेनापती वरमला, कुंपण मागे गेलं, झरा वाचला. कॉफी यायच्या आत सगळं आटोपलं. ओटमार यांचे डोळे भरून आले होते. ते थेट मागे बाईंकडे गेले.

“बाई, आज मी तुमच्या गावाची व्यथा जगलो.”

“थोडी राहिलीय. पाणी भरायला या एकदा, म्हणजे पुरी होईल,” बाई म्हणाल्या. मग त्या तवारेश यांच्याकडे वळल्या. “साहेब, फार छान फोन केलात. आता तोच खरा करा.”

तवारेश यांचा चेहरा उजळलेला होता. असा मोकळा माणूस मी फार दिवसांनी पाहिला. “बाई, आज काय सिद्ध झालं? आपली यंत्रणा चालते! वेळ आली तर गाडी जाते, कुंपण मागे सरतं. मला इतके महिने झोप नव्हती हो. वाटायचं, आपल्याकडे काहीतरी कमी पडतंय. आता मी वर लेखी कळवतो की आहे ती व्यवस्था पुरेशी आहे.”

“आणि गाडी?”

“चालत्या यंत्रणेत हात घालायचा नसतो, बाई. बिघडते.”

बाईंना विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. रस्ताभर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी ट्रॅफिकला नावं ठेवली.

ऑक्टोबरात खुराडं गेलं आणि त्याच आठवड्यात झरा गेला. कुंपणापलीकडे दिसतो, बाई म्हणाल्या, आवाजही येतो. त्यांच्या राजधानीतले पत्रकार गावात आले होते आणि त्यांना विचारत होते की तुम्ही आधी कुणाला सांगितलं का नाही. बाईंना एवढंच उत्तर द्यायचं होतं की मार्चमध्ये, ब्रसेल्सला जाऊन, संबंधित साहेबांच्या तोंडावर सांगितलं होतं. लीव्हेन यांनी फोन स्पीकरवर घेतला.

“तसं नाही सांगता येणार, बाई. खोलीत कोण काय बोललं ते...”

“अहो, मीच बोलले होते! मी बोलले हे मलाही सांगता येणार नाही?”

“येईल ना. खोलीतल्या सगळ्यांची संमती घेऊ. एक गृहस्थ निवृत्त होऊन कॅनरी बेटांवर गेलेत, ते मेलला उत्तर देत नाहीत. तोवर तुम्ही ‘एका सहभागीने सांगितलं होतं’ असं म्हणू शकता.”

पलीकडे बाई हसल्या. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

नोव्हेंबरात आम्ही मोठी परिषद घेतली, ‘झऱ्यानंतर : काही धडे’. आता ‘झरा’ शब्द वापरायला हरकत नव्हती, तो राहिलाच नव्हता. हे संकट कोणालाच आधी दिसलं नाही, ही आमच्या क्षेत्राची शोकांतिका आहे, असं लीव्हेन उद्घाटनात म्हणाले. तवारेश यांनी पहिल्या रांगेत खेदाने मान हलवली. ओटमार यांची टिप्पणी होती. मी इतिवृत्त लिहीत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं पेन चालेना. लाज वाटली, दुसरं काही नाही.

घरी आल्यावर मी बाईंना फोन लावला. त्या टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. टँकर जिल्ह्याच्या शहरातून येतो, आमच्या पांढऱ्या गाड्यांना वळसा घालून.

“बाई, मी हे सगळं लिहिणार आहे,” मी म्हणालो. “अहवाल नाही. गोष्ट म्हणून लिहिणार.”

“लिहून काय होणार, भाऊ?”

“लोक वाचतील.”

“बरं. मग?”

वाचकहो, मी तुमचा विचार केला. तुमच्यावर माझा विश्वास आहे. “वाचून त्यांना फार वाईट वाटेल,” मी सांगितलं.

पलीकडे रांग पुढे सरकली, कुणीतरी त्यांना बादली उचला म्हणालं.

“किती वेळ?” बाईंनी विचारलं.

मी म्हणालो, विचारून सांगतो.