सराव दुसऱ्या पानावर

"आग लागो, पूर येवो, नाही तर अख्खी इमारत खाली बसो! अकराला आपत्ती आली, तर तीनला आपलं काम पुन्हा सुरू!"

असं म्हणून अश्वजित भगतने साहेबांच्या टेबलावर अशी थाप मारली की कपातला चहा बशीत आला आणि बशीतला फाइलवर. तेवढी आपत्ती विमलताईंनी फडक्याने पुसून काढली.

ही गोष्ट घाटंजीच्या कापूस नोंदणी कक्षातली, दोन हजार सातच्या मे महिन्यातली. कापसाची सलग काही वर्षं वाईट गेली होती आणि सरकारने बियाण्यांचे संच वाटायचं ठरवलं होतं. यादीत नाव त्यालाच संच! कक्षातल्या एका संगणकात अशी दोन हजार दोनशे अठरा नावं होती आणि येत्या शुक्रवारी यादी जिल्ह्याला जायची होती. त्यातच वरून पत्र आलं: संगणक बंद पडल्यास माहिती परत कशी मिळवणार, याचा आराखडा प्रत्येक कार्यालयाने करावा.

बाकीच्या कार्यालयांनी 'माहिती निरंक' लिहून पत्र परत धाडलं. अश्वजितने सेहेचाळीस पानांचा आराखडा केला! नागपूरला तीन महिन्यांचा कोर्स केलेला तो एकटाच, त्यामुळे संगणकाच्या बाबतीत तो बोलायला लागला की सगळे माना डोलवायचे. उद्या सगळा जिल्हा आपला आराखडा वापरणार, त्याला 'घाटंजी पॅटर्न' म्हणणार, आपल्याला भाषणाला बोलावणार, इथपर्यंत त्याचा विचार गेला होता. भाषणासाठी त्याने शर्टसुद्धा शिवायला टाकला.

आराखडा सोपा होता. सगळी माहिती एका सीडीवर उतरवायची आणि ती दूर दारव्ह्याच्या उपकक्षात ठेवायची. इथे काही झालं की तिथून जीपने मागवायची. आराखड्यात दोन सीड्या होत्या, पण दुसरीपुढे कंसात 'प्रस्तावित' असं लिहिलेलं होतं.

"सोमवारी सराव घेऊ साहेब," अश्वजित म्हणाला.

कक्षप्रमुख सदाशिवराव गावंडे रिटायरमेंटला आठ महिने उरलेले गृहस्थ. त्यांना फक्त शांतता हवी होती. "म्हंजे आग लागली असं समजाचं?"

"समजाचं कायले साहेब? मी खरंच सगळं पुसतो अन् खरंच परत आनतो!"

विमलताई पंचवीस वर्षं कारकुनी केलेल्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे, पुसल्यासारखं कर ना. खरं पुसतोस काहून?"

"ताई, खोट्या आगीनं खरं शिक्षन होत नाई!"

या वाक्यावर तो स्वतःच इतका खूश झाला की ते त्याने आराखड्याच्या पहिल्या पानावर टाकलं.

सोमवारी सकाळी त्याने दारावर सूचना लावली. 'आज अकरा वाजता या कार्यालयातील शेतकऱ्यांची सर्व माहिती नष्ट होत आहे. कृपया सहकार्य करावे.' पुढची ओळ होती, 'हा केवळ सराव आहे.' पण ती ओळ छापताना दुसऱ्या पानावर गेली. टाचणी एकच होती, म्हणून त्याने पहिलं पान लावलं. आणि सोमवार हा बाजाराचा दिवस!

अकराला सदाशिवरावांसमोर त्याने हार्ड डिस्क फॉरमॅट केली. पडदा कोरा झाला. "आपत्ती आली!" असं तो लग्नात वऱ्हाड आल्यासारखं ओरडला आणि त्याने दारव्ह्याला फोन लावला. तिकडे उपकक्ष सांभाळणारे नेमसिंग राठोड होते.

"नेमसिंगभाऊ, आपत्ती आली! ते लाल पाकिटातली सीडी जीपवाल्याजवळ द्या!"

"अरे वा! पन आज नाई देता येत."

"कायले?"

"तुम्हीच लिवलं होतं ना, आग, पानी, चोर कोनीच पोचला नाई पायजे अशी जागा पाहा म्हनून. लई शोधली. शेवटी मागच्या खोलीतल्या कपाटात ठेवली. दुसऱ्याच दिवशी ते खोली पोटनिवडनुकीसाठी घेतली. आता आत मतदानाच्या मशिनी, दारावर सील, बाहेर चार पोलिस अन् एक बंदूक! आपली सीडी एकदम बिनधास्त हाय!"

"खोली उघडन कवा?"

"मोजनी पुढच्या सोमवारी. तवा."

अश्वजितने फोन ठेवला. त्याचा चेहरा समोरच्या पडद्याइतकाच कोरा झाला होता. सदाशिवरावांनी विचारलं, "काय झालं? तीनले येते ना?"

"तीनलेच येते साहेब," तो म्हणाला. "फक्त पुढच्या सोमवारच्या."

तेवढ्यात बाहेर गलका झाला. बाजारातल्या कुणीतरी सूचना वाचली होती, त्याने दुसऱ्याला सांगितली, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि चौथ्यापर्यंत जाता जाता सरकारने यादी जाळली होती! बाजार तसाच टाकून माणसं दाराशी आली. कुणाच्या हातात वांग्यांची पिशवी, कुणाच्या काखेत कोंबडी. सगळ्यांच्या पुढे सत्यभामाबाई होत्या. दिराशी तीन वर्षं भांडून त्यांनी चार एकर स्वतःच्या नावावर करून घेतले होते आणि यादीत नाव यावं म्हणून चारदा रांगेत उभ्या राहिल्या होत्या.

"माह्यं नाव पुसलं म्हन्तेत! कोनं पुसलं?"

सदाशिवरावांनी शांतपणे अश्वजितकडे बोट केलं आणि पंख्याकडे पाहू लागले.

अश्वजित खुर्चीवर चढला. "घाबरू नका! माहिती सुरक्षित आहे!"

"कुठं हाय?"

"दारव्ह्याले. पोलिसांच्या पहाऱ्यात."

"अटक झाली!" मागून कुणीतरी ओरडलं आणि कोंबडी उडाली.

पुढची पाच मिनिटं काय झालं ते अश्वजितला नीट आठवत नाही. कोंबडी प्रिंटरवर बसली होती एवढं आठवतं. तो खुर्चीवरून उतरला आणि पहिल्यांदाच खरं बोलला. "बाई, म्याच पुसलं. शहाणपना दाखवाले गेलतो. शुक्रवारपर्यंत यादी नाई गेली तं तुमचं बियानं बुडन, अन् मले काय करावं ते समजून नाई राह्यलं."

सत्यभामाबाईंनी कमरेची पिशवी सोडली, त्यातून प्लास्टिकचा कागद काढला, त्याची घडी उलगडली. "मंग हे काय हाय?"

ती नोंदणीची पावती होती. नंबर, नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, सगळं त्याच संगणकाने छापलेलं. अश्वजित ती पावती हातात घेऊन पाहतच राहिला. प्रत्येकाला एक दिली होती. दोन हजार दोनशे अठरा घरांत एकेक प्रत होती आणि त्याच्या सेहेचाळीस पानांत तिचा उल्लेखही नव्हता!

"दवंडी द्या साहेब," विमलताई म्हणाल्या. "आन् दुसरा कम्प्युटर उघडा, माह्या हातालेही टायपिंग येते."

मंगळवारपासून पावत्या येऊ लागल्या. हळदीचा वास येणाऱ्या, उंदराने कुरतडलेल्या, एकीच्या मागे तर मुलीच्या लग्नाची पाहुण्यांची यादी! सत्यभामाबाई रोज सकाळी येऊन रांग लावायच्या. घुसणाऱ्याला त्या अशा बोलत की तो थेट शेवटी जाऊन उभा राही. अश्वजितची बोटं भेंडीसारखी ताठ झाली. येणारा प्रत्येक जण आधी त्याला न्याहाळायचा आणि शेजाऱ्याला विचारायचा, "हाच का तो?"

सत्यभामाबाईंची स्वतःची पावती टाइप करताना तो थबकला. "बाई, हे तं 'सत्यभान' लिवलं हाय. लिंग पुरुष."

"काय? दाखव!" त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "म्हंजे बियानं घ्याले गेली असती तं हाकलून देल्लं असतं मले! बरं झालं तुहं मशीन खाली झालं. नाई तं मी गडीमानूसच राह्यली असती!"

रांगेत हशा उसळला. अश्वजितही हसला, सोमवारनंतर पहिल्यांदाच. मग विमलताईंनी प्रत्येकाला नाव वाचून दाखवायला सुरुवात केली. एकशे सात चुका निघाल्या. त्यातल्या बहुतेक अश्वजितच्या होत्या. शुक्रवारी चार वाजता यादी जिल्ह्याला गेली, पहिलीपेक्षा चांगली.

जिल्ह्याने मात्र सरावाचा अहवाल मागवला. छापील नमुन्यात एक रकाना होता, 'आपत्तीचा प्रकार: आग, पूर, भूकंप, इतर.' अश्वजित बराच वेळ पेन चावत बसला. मग त्याने 'इतर'पुढे प्रामाणिकपणे लिहिलं, 'अश्वजित भगत.'

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. सदाशिवरावांनी चष्मा पुसून ते मोठ्याने वाचलं. "अहवाल मान्य. सदर आपत्ती तात्काळ प्रभावाने ढाणकी उपकक्षात हलवण्यात येत आहे."

अश्वजितने पत्र दोनदा वाचलं. मग मुकाट्याने फोन ओढला आणि ढाणकीचा नंबर फिरवला.

"हॅलो, मी अश्वजित भगत बोलून राह्यलो. सोमवारी येतो तुमच्याकडं. एक काम करा ना भाऊ... मी यायच्या आधी, तुमच्याकडं जे काय हाय ना, ते सगळं कागदावर छापून घ्या."